गणवेश सर्वांचा, भारही सर्वांचा



शाळेचा गणवेश हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. देशापुढे मोठमोठे प्रश्न उभे असताना सदऱ्याच्या रंगाची आणि बुटाच्या नाडीची चर्चा कशासाठी, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु जून महिन्यात शाळेची पहिली घंटा होते, तेव्हा डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावात, एखाद्या पाड्यावरच्या आईला हा विषय किरकोळ वाटत नाही. त्याच पंधरवड्यात भाताचे बी टाकायचे असते, गळक्या छपरावर ताडपत्री घालायची असते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचे मीठ-मिरची-तांदूळ घरात भरून ठेवायचे असते. हातातला पैसा मोजका, आणि त्यात मुलीचा गेल्या वर्षीचा फ्रॉक आखूड झालेला. शाळेचा नियम त्या आईला एकाच वाक्यात कळलेला असतो: गणवेश नसेल तर मुलीला पाठवू नका. त्या वाक्याचा तिने लावलेला अर्थ असा की, पैसे येईपर्यंत मुलगी घरी राहील. पैसे येतात तेव्हा आवणीचे दिवस असतात. मग मुलगी घरीच राहते.

नियम सर्वांना सारखा होता. शाळेने कोणावर अन्याय करण्याचा विचारही केला नव्हता. तरीही एक मूल शाळेबाहेर राहिले. म्हणून आजचा प्रश्न असा आहे की, जो नियम सर्वांना सारखा आहे, तो सर्वांना न्याय देणाराही आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना दोन टोके टाळली पाहिजेत. गणवेश ही इंग्रजांची देणगी, मुलांच्या स्वातंत्र्यावरचे बंधन, ते काढून टाका, असे म्हणणारे एक टोक. शिस्त म्हणजे शिस्त, परवडत नसेल त्याने अन्यत्र जावे, असे म्हणणारे दुसरे टोक. गणवेश हवाच, आणि त्याचा नियम काटेकोरही हवा. परंतु काटेकोर नियम आणि कठोर अंमल या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो नियम करतो, त्यानेच त्या नियमाचा भार प्रथम उचलावा. तो भार सर्वांत दुबळ्या मुलाच्या खांद्यावर टाकून त्यालाच दंड करणे, याला शिस्त म्हणत नाहीत.

भेद पुसणारे वस्त्र

आपल्या परंपरेत विद्यार्थ्याच्या वेषाचा विचार नवा नाही. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले, एकत्र लाकडे आणायला गेले. राजकुळातला आणि दरिद्री घरातला, दोघे एकाच गुरूचे शिष्य. त्यांच्या मैत्रीची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण याच परंपरेतल्या धर्मसूत्रांनी आणि स्मृतिग्रंथांनी ब्रह्मचाऱ्याची अजिने, मेखला आणि दंड वर्णपरत्वे वेगवेगळे सांगितले, हेही तितकेच खरे आहे. विद्यार्थी दुरून दिसला तरी तो कोणत्या वर्णाचा हे कळावे, अशी ती व्यवस्था होती. आणि समाजाचा मोठा भाग तर त्या व्यवस्थेच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचू शकत नव्हता. हिंदू समाजाचे संघटन करू पाहणाऱ्यांनी हे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाची जी हकिगत लिहून ठेवली आहे, तीत शाळेत वेगळे बसण्यासाठी घरून न्यावे लागणारे गोणपाट आहे. ते गोणपाट म्हणजे त्या मुलाचा समाजाने ठरवून दिलेला गणवेशच होता. पुढे १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी जो उपदेश केला, त्यात पेहरावाचा मुद्दा आवर्जून होता. ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या खुणा टाकून द्या, असा त्यांचा आग्रह होता. वस्त्र माणसाला खाली ढकलू शकते आणि वस्त्रच त्याला ताठ उभे करू शकते, हे त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल.

या पार्श्वभूमीवर आजच्या शाळेतील गणवेशाकडे पाहावे. बागायतदाराचा मुलगा, मच्छीमाराचा मुलगा, वारली शेतमजुराचा मुलगा आणि बदली होऊन आलेल्या तहसीलदाराचा मुलगा, हे चौघे एकाच रंगाचा सदरा घालून एका रांगेत प्रार्थनेला उभे राहतात, तेव्हा शतकानुशतकांचा एक भेद निदान पाच-सहा तासांसाठी पुसला जातो. समरसतेवर शंभर व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते या एका दृश्याने साधते. म्हणून गणवेश हवा.

देणारा कोण, सोसणारा कोण

परंतु हा लाभ एका अटीवर अवलंबून आहे. रांगेत सर्व मुले असली पाहिजेत. ज्याच्याजवळ गणवेश नाही त्याला रांगेतून बाजूला काढले, की भेद पुसणारे तेच वस्त्र भेद दाखवणारे होते. घरच्या कपड्यातली चाळीस मुले बसली असताना गरीब मूल चटकन ओळखू येत नाही. एकोणचाळीस मुले गणवेशात आणि एक घरच्या कपड्यात, म्हणजे त्याच्या दारिद्र्याची दवंडीच.

शालेय गणवेशाचा उगम पाहिला तर एक उद्बोधक गोष्ट आढळते. इंग्लंडमध्ये १५५२ साली लंडनमधील अनाथ आणि निर्धन मुलांसाठी 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' ही संस्था स्थापन झाली. तेथील मुलांना लांब निळे डगले देण्यात येत. निळा रंग निवडला गेला, कारण त्या काळी तो स्वस्तातला रंग होता. म्हणजे गणवेशाच्या या जुन्या परंपरेत गणवेश हा संस्थेने मुलाला दिलेला आधार होता, मुलाकडून घेतलेली वर्गणी नव्हती. पुढे श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश प्रतिष्ठेची खूण म्हणून स्वीकारला. शाळेचे बोधचिन्ह विणलेला कोट, विशिष्ट दुकानातच मिळणारी गळपट्टी, खेळाचा वेगळा पोशाख, असा खर्चाचा डोंगर उभा राहिला. खुद्द इंग्लंडच्या संसदेला अखेर २०२१ साली कायदा करावा लागला, की शाळांनी गणवेश ठरवताना पालकांच्या खर्चाचा विचार केलाच पाहिजे. पावणेपाचशे वर्षांत गंगेचे पाणी उलटे वाहिले, ते वळवायला कायदा लागला.

आपण इंग्रजांकडून गणवेश घेतला. पण घेतला तो कोणता? अनाथ मुलाच्या अंगावर संस्थेने घातलेला डगला, की श्रीमंत मुलाच्या गळ्यातली पट्टी? मुंबई-पुण्याच्या अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे पाहिले, तर उत्तर सांगावे लागत नाही. आणि दुर्दैवाने त्यांचेच अनुकरण आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे.

नियम सारखा, ओझे वेगळे

आता डहाणू-तलासरीच्या भूमीवर येऊ. पश्चिमेला समुद्रकिनारा, चिकूच्या वाड्या, रेल्वेचे स्थानक आणि बाजारपेठ. पूर्वेला डोंगर, भातखाचरे आणि विखुरलेले पाडे. तालुका एक, पण जीवनमान दोन. किनाऱ्यावरच्या घरात गणवेशाचे तीन जोड असतात, कपडे धुण्याचे यंत्र असते, इस्त्री असते. पाड्यावर एक जोड असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. ओला सदरा चुलीवरच्या काठीवर वाळत टाकायचा, तर त्याला धुराचा वास आणि पिवळट डाग लागतो. सकाळी तो 'अस्वच्छ गणवेश' ठरतो. ज्या आईने रात्री दोनदा उठून तो सदरा उलटापालटा केला, तिच्या कष्टांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

बुटांचे तेच. शासकीय योजनेत बुटांचा एक जोड आणि पायमोज्यांचे दोन जोड यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले गेले. त्या रकमेचा बूट बांधावरच्या चिखलात किती दिवस टिकेल, याचा हिशेब मांडायला गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. ओल्या पायमोज्यात सहा तास ठेवलेला पाय आणि मोकळा, धुतलेला पाय, यांत आरोग्याच्या दृष्टीने स्वच्छ कोणता? शहरातल्या फरशीसाठी केलेला नियम भातखाचराच्या बांधावर लागू केला, की तो नियम हास्यास्पद तरी होतो किंवा क्रूर तरी.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात. कोणी वसई-भिवंडीकडे, कोणी गुजरातेत उंबरगाव-वापीकडे. मुले बरोबर जातात, कधी आजीजवळ राहतात. जे मूल फाल्गुनात, होळीला परत येते, ते पुन्हा शाळेच्या दारात उभे राहते तेव्हा त्याच्या अंगावर गणवेशच असेल, अशी अपेक्षा कोणत्या न्यायात बसते? त्या दिवशी त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो कपड्यांविषयी नसतो. "आलास? बैस." एवढे दोन शब्द त्याचे आयुष्य वळवू शकतात.

चौथी गोष्ट मुलींची. शासनाचा मोफत गणवेश शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमध्ये पहिली ते आठवीपर्यंत मिळतो. नववीत गेलेल्या मुलीचा खर्च वाढतो आणि आधार संपतो. नेमके याच वयात तिच्या लग्नाची बोलणी घरात सुरू होऊ शकतात. याच वयात तिला झगा नको, सलवार-कुडता हवा. पाऱ्यातून, चढावरून चालायला सोयीचा आणि अंग नीट झाकणारा, गडद रंगाचा पोशाख हवा. पांढऱ्या सलवारीचा आग्रह धरणाऱ्या एखाद्या समितीत जर एकही आई नसेल, तर मुली महिन्यातले चार दिवस गैरहजर का राहतात हे त्या समितीला कधीच कळणार नाही.

हेतू चांगला, हिशेब चुकला

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनाने या विषयात जे केले, त्याचाही प्रामाणिक विचार झाला पाहिजे. पूर्वी समग्र शिक्षा योजनेतून गणवेश मिळत असे तो सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना. दोन जोडांसाठी ६०० रुपये. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला गणवेश मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. त्याच्या घरची स्थिती फारशी निराळी नसली तरी. २०२३-२४ या वर्षापासून उरलेल्या मुलांनाही मोफत गणवेश देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय निःसंशय स्वागतार्ह होता. जो नियम सर्वांचा, त्याचे वस्त्रही सर्वांना, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

पुढचे पाऊल होते 'एक राज्य, एक गणवेश'. राज्यभरातील या शाळांमधील चाळीस लाखांहून अधिक मुलांना एकाच रंगाचा गणवेश मिळावा. कापड एका ठिकाणाहून घ्यावे आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या माध्यमातून बचत गटांच्या भगिनींना मिळावे, अशी ती कल्पना. कागदावर यापेक्षा सुंदर काय असेल? समता आली, बचत आली, भगिनींना रोजगार आला. परंतु २०२४-२५ चे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आणि कापडच वेळेवर पोहोचले नाही. कोठे मापे चुकली, कोठे अपुरे जोड आले, कोठे शिलाईचा दर परवडेना. अनेक शाळांत स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनाला मुले जुन्याच कपड्यांत उभी राहिली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला.

यातून घेण्याचा धडा राजकीय नाही. एकता म्हणजे एकसाचीपणा नव्हे, हे आपण नेहमी म्हणतो. ते येथे प्रत्यक्ष अनुभवाला आले. कैनाडच्या मुलाचे माप मंत्रालयात घेता येत नाही. ते गावच्या शिंप्यालाच ठाऊक असते. शाळेचा गणवेश शाळेने, गावाने मिळून ठरवावा, जवळच्या बाजारात मिळणाऱ्या कापडाचा असावा, आणि तो वारंवार बदलू नये, म्हणजे थोरल्याचा धाकट्याला येतो. हे शहाणपण आपल्या घराघरांत पूर्वीपासून आहे. चूक झाली ती चांगल्या हेतूपोटी झाली. पण त्या वर्षी ज्याला वेळेवर गणवेश मिळाला नाही, त्या मुलाला कोणी 'गणवेश का नाही?' म्हणून रागावले असेल, तर शासनाच्या विलंबाची शिक्षा त्या मुलाने भोगली, असेच म्हणावे लागेल.

कोसबाड आणि तलासरी

मग नियम आणि माया यांचा मेळ घालायचा तरी कसा? याचे उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊ नये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार त्यांनी पालकांच्या माथी मारली नाही. मुले येत नसतील तर शाळाच मुलांकडे गेली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. अंगणात भरणारी अंगणवाडी त्यातून आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा त्यातून आली. स्वच्छतेचा आग्रह त्यांनी सोडला असे नाही. उलट त्यांच्या बालवाडीत शिक्षणाचा प्रारंभच हातपाय धुण्यापासून, आंघोळीपासून, केस विंचरण्यापासून होत असे. भेद एवढाच, की मूल अस्वच्छ आले तर त्याला परत पाठवले जात नसे. तेथेच स्वच्छ केले जाई. नियम तोच, पण तो पाळण्याचे दायित्व शिक्षिकेने स्वतःच्या हातांवर घेतले. काटेकोर नियम आणि कोमल अंमल यांचा याहून सुंदर पाठ कोणत्या शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात सापडेल?

दुसरे उदाहरण तलासरीचे. विश्व हिंदू परिषदेने १९६७ साली तेथे वनवासी कल्याण केंद्र सुरू केले आणि माधवराव काणे यांनी आपले आयुष्य त्या कामात वेचले. तेथील वसतिगृहात राहून शिकलेल्यांपैकी चिंतामण वनगा हे वकील झाले, १९९६ आणि १९९९ साली डहाणूतून व २०१४ साली पालघरमधून लोकसभेवर निवडून गेले. वसतिगृहाला शिस्त असतेच: पहाटे उठणे, प्रार्थना, अभ्यास, श्रम. पण ती शिस्त लावणारा कार्यकर्ता मुलांबरोबर त्याच पंगतीत जेवतो, त्याच छपराखाली झोपतो. जो बरोबर राहतो, त्याच्या शिस्तीचा जाच होत नाही. दाराशी उभे राहून आत कोण येऊ शकतो याची केवळ तपासणी करणाऱ्याच्या शिस्तीचा होतो.

आणखी एक गोष्ट येथे बोलली पाहिजे. वारली समाजाला स्वतःचा पेहराव आहे, तारपा आहे, नाच आहे, भिंतीवरची चित्रे आहेत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रे जगभर नेली आणि २०११ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. गणवेश घातला म्हणजे आजीच्या लुगड्याची लाज वाटली पाहिजे, असा संस्कार शाळेत नकळतही होता कामा नये. गणवेश बरोबरी देण्यासाठी आहे, मुळे उपटण्यासाठी नाही. महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत किंवा गावदेवाच्या सणाला एखाद्या दिवशी मुले आपल्या घरच्या पेहरावात शाळेत आली, तर शिस्त मोडत नाही; शाळा गावाची होते.

खुणांचा प्रश्न आणि एकच माप

गणवेशाचा विषय निघाला की धार्मिक खुणांचा वाद आलाच. २०२१ च्या अखेरीस कर्नाटकात उडुपी येथील महाविद्यालयात हिजाबचा वाद सुरू झाला. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने गणवेशाचा नियम उचलून धरला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने केलेला नियम मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मान्य केला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या काही भागास स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालता येणार नाही हेही स्पष्ट केले, आणि त्याचबरोबर महाविद्यालयाला विचारले की, तुम्ही टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार काय?

या प्रश्नाने काहींना राग आला. पण तो प्रश्न टाळण्यात शहाणपण नाही. विद्यालयात सर्वांनी विद्यार्थी म्हणून यावे, चेहरा उघडा असावा, एकमेकांना ओळखता यावे, ही अपेक्षा योग्यच आहे. राष्ट्रजीवनात एकत्र येण्याची सवय तेथेच लागते. परंतु माप लावायचे तर ते एकच असले पाहिजे. श्रावण आला की कोठे राखी कापल्याच्या, कोठे मेंदी लावली म्हणून मुलीला शिक्षा केल्याच्या, कोठे टिकली काढायला लावल्याच्या बातम्या येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला राज्यांना पत्र पाठवून सांगावे लागले की, सणासुदीच्या अशा गोष्टींवरून मुलांना शिक्षा करू नये. तेव्हा आपण जो न्याय आपल्या मुलीच्या टिकलीसाठी मागतो, त्याची कसोटी दुसऱ्याच्या मुलीलाही लागू केली पाहिजे. नियम प्रवेशापूर्वी सांगितलेला असावा. तो सर्व पंथांना सारखा असावा. शिकण्यात, ओळख पटण्यात किंवा खेळण्यात ज्याची अडचण होत नाही, अशा लहानशा खुणेवरून रण माजवू नये. आणि वाद कितीही मोठा असो, मुलाचा अभ्यास आणि परीक्षा बुडू नये. मुलीला घरी बसवून जिंकलेला वाद कोणाच्याच विजयाचा नसतो.

जगातही हेच दिसते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला. १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्या मुलाच्या बाजूने निर्णय दिला. फ्रान्सने २००४ साली सरसकट बंदीचा कायदा केला. त्याचा रोख एका प्रश्नाकडे होता. फटका मात्र शीख मुलांनाही बसला. अविचाराने फिरवलेली कुऱ्हाड आपल्याच आप्तांवर कशी पडते, याचे हे उदाहरण विसरू नये.

संघटनेचा स्वतःचा अनुभव

गणवेशाचे महत्त्व संघपरिवारातील कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही दोन गोष्टींचे स्मरण करण्यासारखे आहे. पहिली अशी, की संघाचा गणवेश काळानुसार बदलत आला. प्रारंभीचा खाकी सदरा १९४० च्या सुमारास जाऊन पांढरा आला. २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी अर्ध्या विजारीची जागा तपकिरी पूर्ण विजारीने घेतली. गणवेश साधन आहे, साध्य नाही, हे संघटनेने कृतीने दाखवले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोजच्या शाखेत येण्यासाठी गणवेशाची अट नसते. बालस्वयंसेवक ज्या कपड्यांत असेल त्या कपड्यांत येतो, खेळतो, प्रार्थना म्हणतो. गणवेश असतो तो उत्सवाला, संचलनाला, शिबिराला. आधी माणूस जोडला जातो, मग त्याला गणवेशाचे आकर्षण वाटते. हा क्रम उलटा केला असता, तर वस्त्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाखा उभ्याच राहिल्या नसत्या. शाळेने हा क्रम का स्वीकारू नये?

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मुख्याध्यापक सांगतात: एकाला सवलत दिली की दहा जण मागतात; परवडत असूनही आळस करणारे पालक असतात; ढिलाई एकदा शिरली की गणवेश संपतोच. हा अनुभव खरा आहे. म्हणूनच नियम सैल करा असे येथे म्हटलेले नाही. फक्त 'घालत नाही' आणि 'नाही' या दोहोंतला भेद ओळखावा. जो असून घालत नाही, त्याच्या पालकांना बोलवावे, समजवावे, आग्रह धरावा. ज्याच्याजवळ नाहीच, त्याचा प्रश्न शाळेचा आणि गावाचा आहे. आणि दोघांपैकी कोणालाही वर्गाबाहेर उभे करू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. चारचौघांत मुलाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे याला दुसरे नाव नाही.

करण्यासारखे काही

भाषण ऐकून पांगण्यासाठी आपण जमलेलो नाही. प्रत्येक गावात करता येतील अशा काही गोष्टी आहेत, आणि त्यांना शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

एप्रिल महिन्यातच, सुट्टी लागण्यापूर्वी, मुलांची मापे घेतली जावीत आणि शाळा व्यवस्थापन समितीने कापड पाहून, हाताळून निवडावे. शिलाई गावातल्या शिंप्याकडे किंवा भगिनींच्या बचत गटाकडे द्यावी, म्हणजे माप चुकले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल. प्रत्येक शाळेत एक गणवेश-पेढी असावी. ज्यांना आखूड झाला त्यांनी धुऊन, गुंड्या लावून, नीट घडी करून तो तेथे ठेवावा. ज्याला हवा त्याने न विचारता, न सांगता न्यावा. देणाऱ्याचे नाव लिहू नये आणि घेणाऱ्याचेही लिहू नये. शहरातील कुटुंबांनी दिवाळीत जुने कपडे 'वाटण्या'ऐवजी जूनमध्ये नव्या कापडाचा एक तागा शाळेला द्यावा. दातृत्वाचे छायाचित्र काढू नये. ज्या मुलाने ते छायाचित्र पाहिले, त्याला तो सदरा अंगावर जड होतो.

पावसाळ्यात बुटांचा आग्रह सोडावा आणि साधी चप्पल चालू द्यावी. शाळेत दोन-चार कोरडे सदरे नेहमी ठेवावेत. नववी-दहावीच्या मुलींच्या गणवेशाची जबाबदारी गावातील महिला मंडळाने घ्यावी. पोशाख ठरवणाऱ्या बैठकीत निम्म्या तरी आया असाव्यात. आणि पटावरच्या प्रत्येक अनुपस्थितीचे कारण शोधताना शिक्षकांनी एक प्रश्न न चुकता विचारावा: कपड्यांमुळे तर आली नाही ना?

गणवेशाचा नियम न्याय्य आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून ती लागत नाही. रांगेत जी दिसत नाहीत, त्यांची गणती करावी. कैनाडच्या एखाद्या पाड्यावर, शाळेची घंटा ऐकू येते इतक्या अंतरावर, जर एक मुलगी सदरा नाही म्हणून घरी बसली असेल, तर प्रार्थनेची ती नीटनेटकी रांग अपुरी आहे. ती रांग पूर्ण करण्याचे काम त्या मुलीचे नाही. ते आपले आहे, आणि जून दरवर्षी ठरलेल्या वेळीच येतो.